तिसऱ्या दिवसाची कळ

अब्बांची खालची दाढ काढली, त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. महिनाभर त्या दाढेनं त्यांची झोप उडवली होती. दर्यापुरातल्याच एका डॉक्टरांनी सुई दिली, जबडा बधिर झाला आणि अर्ध्या तासात दाढ बाहेर आली. रात्री अब्बा मऊ खिचडी खाऊन निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी तर बनोसा भागात जाऊन भाजीही घेऊन आले.

तिसऱ्या रात्री दोन वाजता मला जाग आली, तेव्हा अब्बा अंगणात येरझारा घालत होते. गालावर हात होता. कळ जबड्यातून निघून कानात जात होती, तिथून कानशिलात. दाढ ठणकत होती तेव्हाही त्यांना असं कळवळताना मी पाहिलं नव्हतं. अम्मी म्हणाली, “दाँत तो निकल गया, अब दुख क्या रहा है?” सकाळी शेजारच्या काकूंनी निकालच देऊन टाकला, “दात काढला त आता काय दुखते बाप्पा? डाक्तरनं चुकीचा दात काढला असन!”

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, दिवा टाकला आणि म्हणाले, “खड्डा रिकामा आहे. गुठळी निघून गेली.” त्यांनी मिठाच्या पाण्यानं जखम हळूच धुतली आणि औषधात भिजवलेली छोटी पट्टी आत ठेवली. पाव तासात अब्बांचा चेहरा सैल झाला. खोलीभर लवंगेचा वास होता.

मग डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. खर्रा खाल्ला का? चूळ जोरात भरली का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बांनी खर्रा तोंडात टाकला होता. आणि जखम सडू नये म्हणून पाचही वेळच्या वुजूत ताकद लावून कुल्ली केली होती. हे करायचं नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सूचनांचा कागद मिळाला होता, पण तो इंग्रजीत होता.

या दुखण्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. मराठीत त्याला कोरडी खाच म्हणता येईल. मी इतिहासात रमणारा माणूस, म्हणून या कळेचा इतिहास शोधायला बसलो. तो शोध कॉर्डोव्हापासून हैदराबादपर्यंत गेला आणि पुन्हा आमच्या अंगणात येऊन थांबला.

रिकाम्या खड्ड्यात काय होतं?

दात काढल्यावर हाडात जी खाच उरते तिच्यात रक्त साचतं आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. ती निसर्गानं घातलेली मलमपट्टी असते. तिच्याखाली हाड आणि त्यातले मज्जातंतू झाकलेले राहतात आणि हळूहळू नवी ऊती भरत जाते. ही गुठळी नीट तयारच झाली नाही, किंवा वेळेआधी विरघळली, निघून गेली, तर हाड उघडं पडतं. हवा, थुंकी, अन्नाचे कण थेट हाडाला लागतात. म्हणून कळ सुटते. ती पहिल्या दिवशी नसते, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उसळते. नेमकं याच काळात नेहमीचं दुखणं कमी व्हायला हवं असतं, म्हणून माणूस घाबरतो.

साध्या दात काढण्यात १०० पैकी साधारण १ ते ५ जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे प्रमाण बरंच वाढतं, काही अभ्यासांत ३० पर्यंत गेलेलं दिसतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते जास्त असतं. दाढ काढताना फार झटापट करावी लागली, तोंडात आधीच जंतुसंसर्ग असला, किंवा स्त्री गर्भनिरोधक गोळ्या घेत असली, तरी धोका वाढतो.

‘ड्राय सॉकेट’ हे नाव १८९६ साली जेम्स क्रॉफर्ड या अमेरिकन दंतवैद्यानं आपल्या लेखात वापरलं. गुठळी विरघळते कशी, याचा उलगडा व्हायला आणखी पाऊणशे वर्षं लागली. जखमी हाडातून बाहेर पडणारी द्रव्यं गुठळीतले धागे विरघळवणारी यंत्रणा जागी करतात, असं डेन्मार्कच्या बर्न या संशोधकानं १९७३ च्या सुमारास मांडलं. म्हणजे चूळ भरणं हे एकच कारण नाही. रुग्णाची काही चूक नसतानाही खाच कोरडी पडू शकते.

१८९६ या सालापाशी मी अडखळलो. माणूस दात हजारो वर्षांपासून उपटतोय. मग या कळेला नाव मिळायला एकोणिसावं शतक संपत का यावं लागलं?

कॉर्डोव्हाचा सर्जन

दात काढण्याचं शास्त्र जुनं आहे. सुश्रुतसंहितेत दात काढण्यासाठी ‘दंतशंकू’ नावाचं हत्यार आहे आणि वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, रक्तस्रावानं मोठी हानी होते, अशी ताकीदही आहे.

मुस्लिम जगात या विषयावर सर्वांत तपशीलवार लिहिलं ते अबुल कासिम अल-जहरावी यांनी. काळ ९३६ ते १०१३, गाव स्पेनमधल्या कॉर्डोव्हाजवळचं मदिनतुल जहरा. त्यांच्या ‘अल-तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रं आहेत. दात खरवडण्याच्या, उपटण्याच्या, तुटलेलं मूळ बाहेर काढण्याच्या हत्यारांचा त्यात समावेश आहे. बाराव्या शतकात या भागाचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातले सर्जन कित्येक पिढ्या तो वाचत राहिले.

जहरावींच्या लिखाणात मला सर्वांत मोठी वाटते ती सबुरी. ते सांगतात, दात काढण्याची घाई करू नका, आधी सगळे इलाज करून पाहा, कारण गेलेल्या दाताची जागा दुसरं काही घेत नाही. दुखणारा दात कोणता याची नीट खात्री करा, कारण कळ रुग्णालाही फसवते. आधी हिरडी सोडवा, मग दात हळूहळू हलवा. अडाणी हजाम धसमुसळेपणानं दात मोडतात, मूळ आत ठेवतात, प्रसंगी जबड्याचं हाडही उचकटतात, यावर त्यांनी चांगलाच राग काढला आहे. आणि दात निघाल्यावर सिरका आणि मिठानं तोंड धुवायलाही सांगितलं आहे. हाडाला जितकी कमी इजा, तितका नंतरचा त्रास कमी, ही आजच्या दंतवैद्यकाचीही शिकवण आहे.

पण बधिर करण्याचं खात्रीचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. अफू, खुरासानी ओवा, अक्कलकारा, लवंग ही युनानी हकिमांची औषधं होती. अक्कलकाऱ्यानं जीभ चुरचुरून बधिर होते, लवंगेनं ठणका मंदावतो. पण दाढ उपटण्याची वेदना झाकण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही. अफूची मात्रा वाढवली तर माणूसच हातचा जायचा.

दादी सांगायची की तिच्या लहानपणी आठवडी बाजारात दात काढणारा चादर अंथरून बसायचा. दोन माणसं रुग्णाला धरायची, तिसरा उपटायचा. किंकाळी ऐकून पोरं पळायची. अशा माणसाला नंतर आठवडाभर जबडा दुखला, तर त्याला वेगळं दुखणं कोण म्हणणार? मोडलेलं मूळ, सुजलेली हिरडी, फाटलेला गाल यांच्या गर्दीत कोरड्या खाचेची कळ वेगळी ओळखूच येत नव्हती.

भुलीचा शोध आणि हैदराबाद

भुलीच्या शोधाची सुरुवात दातापासूनच झाली. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड इथं होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढे बोस्टनमधलं त्याचं जाहीर प्रात्यक्षिक फसलं आणि त्याची हुर्यो झाली. १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यानं आत्महत्या केली. त्याचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्य. ३० सप्टेंबर १८४६ ला त्यानं ईथर देऊन एका रुग्णाचा दात न दुखता काढला आणि १६ ऑक्टोबरला बोस्टनच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर देऊन दाखवलं. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सननं क्लोरोफॉर्म वापरात आणलं. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्म दिलेली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी दगावली. तेव्हापासून डॉक्टरांत वाद पेटला. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की हृदय?

हा वाद सोडवण्याचा मोठा प्रयत्न लंडनमध्ये नाही, हैदराबादेत झाला. वऱ्हाडच्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. कारण १८५३ च्या तहानं आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला होता, तरी नावापुरता मुलूख निजामाचाच होता. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांना दिला गेला. म्हणजे १८८८ साली दर्यापूरचा शेतकरी कागदोपत्री निजामाचीच रयत होता.

त्या साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयानं पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. सूत्रं एडवर्ड लॉरी या सर्जनकडे होती. ते हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख होते. ही शाळा १८४६ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीला तिथं आधुनिक वैद्यक उर्दूतून शिकवलं जात होतं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकानं कमिशनच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामानं त्यांचा तज्ज्ञ हैदराबादेत यावा म्हणून १००० पौंड देऊ केले. लॉडर ब्रंटन आले आणि १८८९ मध्ये दुसरं कमिशन बसलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, म्हणून भूल देणाऱ्यानं श्वासावरची नजर हटवू नये.

हा निष्कर्ष अर्धाच खरा होता. १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज संशोधकानं दाखवून दिलं की हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्म हृदय एकाएकी बंद पाडू शकतं. पण श्वासावर लक्ष ठेवण्याची शिकवण भूलशास्त्रात टिकली. या हैदराबादेतूनच रूपाबाई फर्दूनजी ही पारशी डॉक्टर पुढे आली. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. मुस्लिम संस्थानिकाचा पैसा, इंग्रज सर्जन, पारशी स्त्री आणि उर्दू शाळेची परंपरा, असा तो काळ होता.

दाताच्या खुर्चीत मात्र क्लोरोफॉर्मची जागा सुईनं घेतली. १८८४ मध्ये कार्ल कोलरनं कोकेननं डोळा बधिर करून दाखवला आणि लगेच हॅल्स्टेडनं जबड्याच्या नसेजवळ सुई टोचून दात बधिर केले. कोकेनचं व्यसन लागायचं, म्हणून १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेननं लिडोकेन बनवलं. १९४८ पासून ते झायलोकेन या नावानं बाजारात आहे. अब्बांना मिळालेली सुई त्याच घराण्यातली.

आता पुन्हा १८९६ कडे पाहू. मॉर्टनच्या ईथरनंतर बरोबर ५० वर्षांनी आणि कोकेनच्या सुईनंतर १२ वर्षांनी कोरड्या खाचेला नाव मिळालं. हा योगायोग मला वाटत नाही. उपटतानाची किंकाळी थांबली, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवसाचं कण्हणं डॉक्टरांच्या कानावर पडलं.

आपल्याकडे दाताचा डॉक्टर कसा आला?

हिंदुस्थानात दंतवैद्यकाचं शिक्षण उभं केलं ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. जन्म २४ डिसेंबर १८९०, पूर्व बंगालमधला. अलिगढच्या कॉलेजात शिकून ते अमेरिकेला गेले, १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली, बोस्टनमध्ये काम केलं आणि १९१९ मध्ये परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. सरकारी मदत नव्हती, म्हणून त्यांनी सोडा फाउंटन, म्हणजे आइस्क्रीम आणि सरबताचं दुकान चालवलं आणि त्याच्या नफ्यावर कॉलेज तगवलं. गोड विकून दातांचं कॉलेज चालवणारा हा माणूस! १९४९ मध्ये त्यांनी ते कॉलेज सरकारच्या हवाली केलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

कलकत्त्यातल्याच शिक्षणावर फातिमा जिना दंतवैद्य झाल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला. पुढचं त्यांचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक मुस्लिम स्त्री दात काढण्याचा दवाखाना चालवत होती, हे आपण विसरतो.

१९४८ मध्ये डेंटिस्ट्स ॲक्ट आला. शिकलेल्या दंतवैद्यांची नोंद रजिस्टरच्या ‘अ’ भागात आणि पदवी नसलेल्या, पण आधीपासून धंदा करणाऱ्यांची ‘ब’ भागात, अशी सोय त्यात होती. म्हणजे बाजारातल्या चादरीवरून दवाखान्यातल्या खुर्चीवर येण्याचा मधला रस्ता कायद्यालाही ठेवावा लागला. विदर्भात नागपूरचं सरकारी डेंटल कॉलेज १९६८ चं. आज अमरावतीतही डेंटल कॉलेज आहे आणि दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी दाढ न दुखता निघते.

जे सांगायचं राहून जातं

मग अब्बांना तिसऱ्या रात्री अंगणात का फिरावं लागलं? माझ्या मते दाताच्या दुखण्याचा इतिहास खुर्चीपाशी संपतो. दाढ निघाली, पैसे दिले, माणूस घरी गेला. पुढचे तीन दिवस त्याचे एकट्याचे असतात आणि त्या तीन दिवसांचं ज्ञान त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, ते इथं लिहितो.

पहिले २४ तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉनं ओढून प्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून तोंडात फक्त खेळवायचं आणि ओठ उघडून पडू द्यायचं. आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी आधीच खारट, म्हणून तेच घेऊन चुळा भरणारे लोक मी पाहिले आहेत. ते नको. पिण्याचं स्वच्छ पाणी उकळून घ्यावं आणि त्यात मीठ घालावं.

खर्रा, तंबाखू, विडी, गुल निदान तीन दिवस बंद. जितके जास्त दिवस टाळाल तितकं बरं. खर्ऱ्यातली सुपारी आणि चुना ताज्या जखमेत जाऊन बसतात, आणि पिचकारी टाकताना तोंडाला जो झटका बसतो तो वेगळाच.

वुजूचं काय? हनफी मसलकात वुजूतली कुल्ली सुन्नत आहे, फर्ज नाही, आणि दुखणाईताला दीननं नेहमी सवलत दिली आहे. पहिल्या दिवशी काय करायचं ते आपल्या इमामसाहेबांना विचारावं. पण खळखळून गुळण्या करण्याचा आग्रह कुणीही धरू नये. रमजानमध्ये दाढ काढायची वेळ आली, तर वेळ आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननंच दिली आहे.

दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या साध्या गोळ्या चांगलं काम करतात. दोन्ही मिळून घेतल्यास एकेकटीपेक्षा जास्त आराम पडतो. पण अल्सर, किडनीचा विकार, दमा, गर्भारपण असेल, किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची जुनी सवय सोडावी, तिथं भाजल्यासारखी जखम होते.

आणि तिसऱ्या दिवशी कळ उसळली, तर सहन करत बसू नये, मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिकही आणू नये. खाच धुऊन औषधाची पट्टी ठेवणं हा खरा इलाज. त्या पट्टीतलं युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलंच मुख्य द्रव्य. अम्मी रात्री लवंग घेऊन धावली होती, ती अगदीच चुकली नव्हती. मात्र निव्वळ तेल उघड्या हाडावर ओतू नये, ते पोळतं. ताप, वाढती सूज, तोंड न उघडणं, गिळताना त्रास ही लक्षणं कोरड्या खाचेची नाहीत, जंतुसंसर्गाची आहेत. तेव्हा एक तासही थांबू नये.

अब्बांची खाच दहा-बारा दिवसांत भरली. मी त्या इंग्रजी कागदाचं मराठी आणि उर्दू करून डॉक्टरांना दिलं. त्यांनी दोन्ही झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवले. खर्रा अब्बांनी पूर्ण सोडलेला नाही, हे कबूल करतो. पण परवा जुम्याच्या नमाजआधी वुजूखान्यात एकजण गालाला कापूस लावून बसला होता आणि जोरजोरात गुळण्या करत होता. अब्बांनी नळ बंद केला आणि त्याच्या शेजारी बसून विचारलं, “दाढ कधी काढली, भाऊ?”